हॉरी, येसूबाई आणि हक्कसोड

स्वारगेटहून भोरला येणाऱ्या एसटीत माझी बरीच पुस्तकं वाचून झाली आहेत. त्यातली निम्मी इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स. कर्जात बुडालेलं घराणं, कोणीतरी ड्यूक किंवा अर्ल, आणि प्रेमाबिमाच्या भानगडीत न पडता ठरवलेलं सोयीचं लग्न. टीममध्ये कुणी विचारलं तर मी आधी 'थ्रिलर' म्हणून सांगायचे. आता खरं सांगते.

या प्रकारात पहिल्यांदा वाचावी अशी कादंबरी म्हणजे जॉर्जेट हेयरची 'द कन्व्हिनियंट मॅरेज' (१९३४). कथेचा काळ १७७६. अर्ल ऑफ रूलने मोठ्या बहिणीला मागणी घातली आहे. तिचं प्रेम एका गरीब सैनिकावर. भाऊ जुगारी, त्यामुळे घराला पैसा हवाय. अशा वेळी सतरा वर्षांची, बोलताना अडखळणारी धाकटी हॉरी एकटीच अर्लच्या घरी जाते आणि सांगते, ताईऐवजी मला करा. तुम्हाला आमच्या घराण्याशी सोयरीक हवी, ती मिळेल. ताई सुटेल. मी तुमच्या आयुष्यात लुडबूड करणार नाही.

पुढे प्रेम होतं, ते होणारच असतं. पण मी परत परत वाचते ते हेच पान. अटी मोठ्याने बोलल्या जातात, आणि बोलणारी ती स्वतः असते. तेव्हाच्या इंग्लंडात लग्नानंतर बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याच्या हातात जायची. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते बदललं. म्हणून पैसेवाली घराणी लग्नाआधी वकील बसवून करार करत: हातखर्चाला वर्षाला किती, विधवा झाली तर किती. अर्लच्या दारात उभी असलेली हॉरी अडाणी नाही, ती वाटाघाट करते आहे.

हेयरचं चुकतं ते पुढे. रूल इतका श्रीमंत आणि इतका समंजस आहे की त्या अटींची कधी परीक्षाच होत नाही. ती तिने घेतली १९६१ च्या 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट'मध्ये. वडिलांची कर्जं डोक्यावर घेऊन युद्धावरून परतलेला ॲडम एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. त्याचं मन ज्युलियात अडकलेलं, आणि जेनीला ते ठाऊक आहे. शेवटी आतषबाजी नाही, एकमेकांची सवय होते. रोमान्स वाचणाऱ्या बऱ्याच जणी या पुस्तकावर नाराज असतात. मला ते हेयरचं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक वाटतं.

आता आपल्याकडे या. आमच्या भागात राजगडावर जायला ट्रेकर असायची गरज नाही, शाळेची सहल तिथेच जाते. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. फलटणच्या निंबाळकरांची लेक, १६४० मध्ये लग्न, १६५९ मध्ये राजगडावर मृत्यू. तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. त्यांना दूध पाजणारी धाराऊ आमच्या कापूरहोळची. शिवाजी महाराजांची लग्नं निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव, गायकवाड अशा घराण्यांत झाली. ही राजकीय लग्नं होती हे इतिहासाचं कुठलंही पुस्तक सांगतं. कादंबरी मात्र त्यावर अळीमिळी गुपचिळी. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'त आणि तिच्या वाटेने गेलेल्या मालिकांत सईबाई म्हणजे सोशिक प्रेम, सोयराबाई म्हणजे मत्सर. 'स्वामी'त (१९६२) माधवराव आणि रमाबाई. दहावीच्या सुट्टीत मी ती वाचून रडले होते, आजही कदाचित रडेन. पण थेऊरला १७७२ मध्ये ती मुलगी सती जाते, आणि कादंबरी ते प्रेमाचं शिखर म्हणून आपल्या हाती ठेवते. तिच्यापुढे दुसरी काय वाट होती, हा प्रश्न रडण्यात वाहून जातो.

आपल्याकडे ठरवून केलेलं लग्न ही नेहमीची गोष्ट, म्हणून त्यात कथा दिसत नसावी असं मला आधी वाटायचं. तसं नाही. कथा समोर पडली आहे. शिर्के आणि भोसले यांच्यात साटंलोटं झालं: महाराजांची मुलगी राजकुंवरबाई गणोजी शिर्क्यांना, शिर्क्यांची येसूबाई संभाजीराजांना. एका हाताने लेक द्यायची, दुसऱ्या हाताने सून घ्यायची. शिर्क्यांना दाभोळचं वतन हवं होतं, आणि महाराज वतनं द्यायला नाखूश. पुढे गणोजी मोगलांकडे. १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई कैदेत गेल्या, त्या सुटल्या १७१९ मध्ये. दरम्यान जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटू द्यायला गणोजींनी मदत केली, ती खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन त्यांना दिलं तेव्हा. म्हणजे सोयरिकीची थकबाकी वसूल झाली, आणि जिच्या लग्नाने ती सोयरीक झाली ती मोगलांच्या छावणीत. भाऊ शत्रूकडे, नवरा मारला गेलेला, तीस वर्षं कैद. सोयीच्या लग्नावरची याहून मोठी कादंबरी कुणाकडे आहे? आपण तिचं नाव 'छावा' ठेवलं आणि कॅमेरा त्याच्यावर लावला.

आणि बाईच्या नावावरचा पैसा आपल्याकडे नव्हता असंही नाही. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळी खासगी जहागीर दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. दप्तरात अटी आहेत, आकडे आहेत. कादंबरीत नजर खाली झुकलेली आहे.

हे मला एवढं का लागतं, ते सांगते. गेल्या हिवाळ्यात घरी एक स्थळ आलं. पोहे झाले. माझं पॅकेज विचारून झालं, जमीन रस्त्याला लागून आहे का हेही विचारून झालं. मग मी विचारलं की फ्लॅटच्या हप्त्यात माझा निम्मा वाटा असेल तर ॲग्रीमेंटवर माझं नाव असेल ना. मुलाचे मामा हसले. म्हणाले, "पोरगी फार प्रॅक्टिकल आहे हो." त्यांच्या प्रश्नांना प्रॅक्टिकल कुणी म्हटलं नाही. नंतर निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या कायद्याने दिला. तेव्हापासून भोर-वेल्ह्यात लग्नाच्या आगेमागे एक कागद पुढे येतो, हक्कसोडपत्र. पुणे जवळ येतंय तशी जमीन महाग होतेय आणि कागद लवकर येतोय. माझ्या दोन्ही चुलतबहिणींनी सही केली. एकीने मेंदी ओली असताना केली, त्याचा फोटोसुद्धा आहे, सगळे हसताहेत. तिला काय मिळालं असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, "माहेर राहिलं की गं."

ही अट होती. माहेराच्या बदल्यात जमीन. कुणी ती मोठ्याने बोललं नाही एवढंच. मला मराठीत ती कादंबरी वाचायची आहे जिच्यात हे बोललं जातं, बोलणारी मुलगी खलनायिका नसते, आणि वाटल्यास नंतर प्रेमही होतं.

माझा कागद अजून आलेला नाही. दादाचं लग्न मे महिन्यात आहे, त्यानंतर विषय निघेल असं आई म्हणते. मी 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' परत काढलंय. जेनीच्या लग्नापर्यंत आले आहे.