नाव उरले, संगीताचे काय?

अँथनी गोन्साल्विस म्हटले की १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाणे ओठांवर येते. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनगुरूंना केलेले ते अभिवादन. आम्हांस मात्र या माजोर्ड्याच्या वादकाचा मुंबईतील १९५८ चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी रागसंगीत वाद्यवृंदासाठी बांधले. लता मंगेशकर व मन्ना डे गायले. एरवी स्टुडिओच्या भिंतींआड निनावी राहणारे वादक त्या मैफलीत आपल्याच शहरातील रसिकांसमोर बसले. राग एकेका स्वराने उलगडतो, स्वरमेळ अनेक स्वर एकदम उभे करतो. हा सांधा कितपत जुळला, याची चिकित्सा समाजातील जाणकारांनी तरी करावयास हवी होती. आपण लग्नाच्या हॉलात त्या गाण्यावर नाचत राहिलो.