उताराची विलंबित लय

गाडी चालवण्यातली नजाकत पाहायची, तर बर्फाळ उतारावरून फोर बाय फोर उतरवणारा पहाडी चालक पाहावा. असा चालक मनालीजवळच्या अटल बोगद्याच्या वाटेवर भेटतो. आम्हा भिलाईकरांना या बोगद्याचं अप्रूप जरा जास्तच, कारण त्यात आमचा कारखाना चालवणाऱ्या सेलचं पोलाद आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी उद्घाटन झालेल्या या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यामुळे तीन हजार मीटर उंचीवरचा बर्फ आपल्या पर्यटकांच्या आवाक्यात आला. ताजा बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या पुढे बहुधा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. बोगद्याच्या दक्षिण तोंडाकडून, धुंडीहून सोलंगला परतणारी जिप्सी हा खरा रसिकाने पाहावा असा प्रसंग.

उतार लागण्याआधीच चालक गाडी थांबवतो. गिअरशेजारचा छोटा दांडा ‘फोर लो’मध्ये टाकतो, खालचा गिअर घेतो आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतो. इथून पुढे गाडीला इंजिनच आवरून धरतं आणि तो आवर पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर वाटला जातो. फिरतं चाक दिशा पाळतं. ब्रेकने जखडलेलं चाक नुसतं घसरतं, मग स्टिअरिंग कितीही वळवा. मधेच चाकं अडखळू लागली, तर हा गडी उतारावर चक्क हलकासा अ‍ॅक्सिलरेटर देतो. चाकं पुन्हा फिरू लागतात, गाडी सरळ होते. नवख्याचा पाय नेमका अशा वेळी ब्रेकवर गेला असता. सारं कसब त्या एका हलक्या दाबात आहे.

विलंबितात कसलेला गवई समेवर यायची घाई करत नाही, तशीच ही चाल. वेग सरळ पट्ट्यातच उतरवलेला असतो. वळणात हात फक्त सावकाश फिरतात. सावलीतल्या वळणावर तो आणखी जपतो, कारण दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी संध्याकाळी तिथे काचेसारखं गोठतं. खाली कोरडं डांबर लागताच दांडा पुन्हा ‘टू’वर येतो. कारण जिप्सीच्या दोन अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. बर्फावर चाकं जराशी घसरून जो ताण सोडवतात, तो कोरड्या रस्त्यावर यंत्रणेला सोसावा लागतो.

या संयमामागे साधं गणित आहे. ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लावल्यावर कोरड्या डांबरावर साधारण १० मीटरांत थांबते. गुळगुळीत बर्फावर तिला ६० मीटरही लागू शकतात. चढावर चारही चाकं ओढतात म्हणून फोर बाय फोरवाला निर्धास्त होतो. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबण्याच्या कामी त्या जास्तीच्या जोराचा काडीचाही उपयोग नाही.

हिवाळ्यात मनालीला जाणार असाल, तर आपली गाडी खाली ठेवा आणि तिथलाच चालक घ्या. त्याला घाई करू नका. उतार लागला, की दरीकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघा.