मानमोडीचा डोंगर आणि कोसंबींचा पुरावा

जुन्नर तालुक्यातल्या शाळांची सहल लांब जात नाही. नारायणगावच्या पूर्वेला खोडदची रेडिओ दुर्बीण, पश्चिमेला शिवनेरी आणि लेण्याद्री. खोडदला शिक्षकाचे काम सोपे असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात, असे सांगितले की मुले माना वर करून पाहत राहतात. लेण्याद्रीला मात्र शिक्षकाची परीक्षा होते.

काही वर्षांपूर्वी माझी झाली. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आम्ही सातव्या लेण्यात बसलो होतो. मोठे सभागृह, मध्ये एकही खांब नाही, तिन्ही बाजूंना भिक्षूंसाठी कोरलेल्या वीस खोल्या, आणि मागच्या भिंतीत अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज. हा बौद्ध विहार होता असे मी सांगताच आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग हे खरं कोणाचं?" दोन-तीन उत्तरे एकदम आली, आवाज चढले. "देव सगळ्यांचाच असतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर ते उत्तर मलाच टोचत होते, कारण प्रश्न इतिहासाचा होता आणि मी उत्तर दिले होते ते फक्त भांडण मिटवण्यासाठी.

त्यानंतर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक मी पुन्हा काढून वाचले. ते मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९६२ साली प्रसिद्ध केले. कोसंबी (१९०७–१९६६) व्यवसायाने गणिती. खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रामार्फत चालते, त्याच संस्थेत ते १९४५ पासून १९६२ पर्यंत गणिताचे प्राध्यापक होते. राहायला पुण्यात असल्यामुळे सह्याद्रीच्या पूर्वेकडचा हा सगळा टापू त्यांनी पायी तुडवला. पुस्तकात पाच निबंध आहेत. त्यांपैकी चौरस्त्यांवरच्या मातृदेवतांचा तिसरा आणि पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासाचा चौथा, हे दोन आपल्या परिसराशी थेट संबंधित आहेत.

तिसऱ्या निबंधाची सुरुवात एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या शंकेसारखी आहे. 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्त अंधार पडल्यावर चौरस्त्यावर मातृकांसाठी बळी ठेवायला सांगतो. चौरस्ताच का? घरात किंवा देवळात का नाही? नाटकाचे शेकडो अभ्यासक हे वाक्य वाचून पुढे गेले असतील, कोसंबी तिथे थांबले. देवी खरी की खोटी, या वादात ते शिरत नाहीत. ही देवी याच जागी का, तिच्यापाशी कोण येते, कोणत्या ऋतूत येते, येणाऱ्यांचे पोट कशावर चालते, असे त्यांचे प्रश्न आहेत. श्रद्धेविषयी बोलताना आपण शिक्षक बहुधा दोनच सूर लावतो. एक 'ही सगळी अंधश्रद्धा' हा, आणि दुसरा माझा लेण्याद्रीचा. दोन्ही सुरांत माहिती काहीच नसते. कोसंबींचा प्रश्न विचारला की माहिती गोळा करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ही पद्धत किती फळ देते ते जुन्नरच्या लेण्यांतच पाहता येते. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटातून वर चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, हत्ती, कार्षापण नाणी, सगळे अंकांत मोजून लिहिलेले. भारतीय अंकांच्या जुन्या नमुन्यांत हा लेख महत्त्वाचा मानला जातो, तो या दक्षिणेच्या हिशेबामुळे. (गणिताच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे की त्यात शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे आहेत.) आणि याच वाटेच्या टोकाला, जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, बौद्ध संघासाठी खोदलेली लेणी. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत्त कल्याणचा. शिवनेरीवर पाण्याची टाकी देणारा इरिल आणि भोजनमंडप देणारा चिट, दोघेही स्वतःला यवन म्हणवतात. मानमोडीच्या डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचे दान आहे, वर्ष ४६ असा उल्लेख करून. बुरूडकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणीही दात्यांत आहेत.

संघ आणि बाजार यांचा हा संबंध कोसंबींनी ठासून मांडला. त्याचे सर्वांत सुबक उदाहरण नाशिकच्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाचे व्याज किती? २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. वीस बारे दोनशे चाळीस! सरळव्याजाचे यापेक्षा चांगले उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही. विरक्तांच्या चीवरामागे विणकरांचे माग आणि सावकारी हिशेब उभे होते. यामुळे उषवदाताची श्रद्धा खोटी ठरत नाही. ती कशावर उभी होती, एवढे मात्र कळते.

इथवर कोसंबींशी वाद घालावासा वाटत नाही. अडचण पुढच्या पायरीवर येते.

कोसंबींना लेण्यांच्याही खाली जायचे आहे. भिक्षूंनी डोंगर निवडले ते वाटांवरचे, आणि त्या वाटा भिक्षूंच्या आधी मेंढपाळांच्या होत्या, असे ते म्हणतात. हा विचार भक्कम आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून दिवसा-दोन दिवसांच्या चालीवर, शिरूरकडे, तो पाच-सहाशेच्या आसपास येतो. ओलीत मेंढ्यांचे खूर कुजतात, म्हणून कळप पावसाळ्यात पूर्वेला सरकतात आणि पुढे पश्चिमेला वळतात. धनगरांचे वाडे आजही असे हिंडताना दिसतात. रानात रात्रभर मेंढरे बसवली की शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य. ठरावीक ऋतूत वेगवेगळे कळप जिथे एकत्र येतात, तिथे देवाचे ठाणे, जत्रा, देवाणघेवाण होणे स्वाभाविक आहे. चौरस्त्याच्या कोड्याचे उत्तर कोसंबींना इथे सापडते.

पुरावा म्हणून ते दोन गोष्टी पुढे करतात. पहिली म्हणजे सूक्ष्मास्त्रे, अकीक-गारगोटीची नखाएवढी दगडी पाती. देवीच्या ठाण्यांजवळ आणि जुन्या वाटांवर ती वारंवार सापडली, म्हणून ही ठाणी अश्मयुगीन माणसांपासून चालत आलेली असावीत, असा त्यांचा तर्क. दुसरी म्हणजे नावे. जुन्नरच्या मानमोडी डोंगराचे नाव लेण्यांतल्या प्राचीन लेखात 'मानमुकुड' असे येते. याचा अर्थ, बौद्धांच्या आधी इथे मानमोडी ही देवी होती, भिक्षू आले नि गेले, आणि हजाराहून अधिक वर्षांनी देवीने नावासह आपली जागा परत घेतली, असे ते सुचवतात.

वाचताना अंगावर काटा येतो. पण विज्ञानशिक्षकाने काटा बसल्यावर चार चौकटींचा तक्ता काढावा. देवीचे ठाणे आहे किंवा नाही, सूक्ष्मास्त्रे सापडतात किंवा नाही. कोसंबी पहिली चौकट भरतात, दोन्ही असलेल्या जागांची. ठाणे नसलेल्या जागा त्यांनी पाहिल्याच नाहीत असे नाही. त्यांचे उल्लेख अधूनमधून येतात, पण मोजून येत नाहीत. देवळाभोवती नीट शोधले आणि इतरत्र चालता चालता, तर देवळाजवळ अधिक सापडणारच. शिवाय ठाण्याभोवतीची जमीन कोणी नांगरत नाही, म्हणून दगडी पाती वरच राहतात. शेजारच्या शेतात ती मातीखाली गेली असतील. पाणी, सावली आणि कोरडा उंचवटा माणसाला दहा हजार वर्षांपूर्वीही हवा होता आणि देऊळ बांधणाऱ्यालाही. दोन गोष्टींचे कारण एक असू शकते, एकीतून दुसरी निघालेली नसली तरी. आणि जमिनीच्या पृष्ठभागावर सापडलेले पाते स्वतःचे वय सांगत नाही.

हे कोसंबींना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? ज्या माणसाने हजारो प्राचीन नाणी एकेक करून तराजूत घातली, वापराने झिजून त्यांचे वजन कसे घटते याचे संख्याशास्त्र मांडले, त्याने देवींच्या बाबतीत तराजू बाजूला ठेवला. माझी त्यांच्याविषयी तक्रार आहे ती एवढीच, पण ती लहान नाही.

नावाचा पुरावाही असाच निसटता आहे. मानमुकुड आणि मानमोडी यांत सातत्य आहे हे मान्य करू. पण सातत्य कशाचे, डोंगराच्या नावाचे की देवीच्या पूजेचे? डोंगराचे नाव टिकायला पायथ्याशी माणसे राहत असली की पुरे. देवीने डोंगराला नाव दिले असेल, तसेच डोंगराने नंतर आलेल्या देवीला दिले असेल. त्याच डोंगराच्या लेण्यांचा एक गट अंबिकेच्या नावाने ओळखला जातो, आणि ती अंबिका तिथल्या जैन मूर्तींपैकी एक. म्हणजे मधल्या काळात आणखी कोणी येऊन गेले होते. 'परत घेतली' या शब्दात हे बसत नाही.

पुरावा कसा असावा याचे उदाहरण कोसंबींच्या मृत्यूनंतर मिळाले, आणि तेही आपल्याच घोड नदीच्या काठी. शिरूर तालुक्यातल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची पेटी निघाली. तिच्यात शिर नसलेली मातीची स्त्रीमूर्ती होती आणि सोबत मातीचा बैल. थर ठाऊक, घर ठाऊक, काळ ठाऊक : ताम्रपाषाण युग, आजपासून तीन हजार वर्षांहून आधीचे. या भागात देवीची पूजा फार जुनी आहे, या कोसंबींच्या अंदाजाला यातून बळ मिळते. तीच देवी आजवर चालत आली, हे मात्र यातूनही सिद्ध होत नाही.

माझा दुसरा आक्षेप पुराव्याच्या पलीकडचा आहे. आजचा भक्त कोसंबींना बहुधा जुन्या समाजाचा शिल्लक राहिलेला अवशेष म्हणून दिसतो. पायथ्याशी नारळ घेऊन चढणारी बाई अश्मयुगाचे ओझे वाहत नसते. तिला नातवाचे दुखणे असते, नवस असतो, वर्षातून एकदा घराबाहेर पडायचे असते. हे तिला विचारले तरच कळते. नंतरच्या अभ्यासकांनी ते केले. गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्या आणि कथा ऐकत त्यांच्यात हिंडले आणि त्यांनी बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबांवर ग्रंथ लिहिला (१९७६). रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये पंढरीच्या देवामागचा गवळी-धनगरांचा देव शोधला. पण आदिरूप सापडले म्हणून त्यांनी वारकऱ्यांचा विठ्ठल खोटा ठरवला नाही. शीर्षकातच 'समन्वय' आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. "खरं कोणाचं?" या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे की सर्वांत खालचा थर तेवढा खरा आणि वरचे सगळे घुसखोर. कोसंबींना कोणाची मालकी ठरवायची नव्हती. ते पक्के मार्क्सवादी होते आणि देवळांच्या ताब्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. तरी मूळ थराचा त्यांचा ध्यास हे गृहीत वाचकाच्या मनात घट्ट करतो. आज देशभर प्रार्थनास्थळांचे तंटे याच तर्काने लढले जातात. गणपतीखाली विहार, विहाराखाली देवी, देवीखाली दगडी पाती असे खणत गेले तर ज्याला जो थर सोयीचा तो तिथे थांबतो. पाण्याचे टाके इरिलाने दिले, विहार भिक्षूंनी वापरला, गणपतीला शेकडो वर्षे लोक येत आहेत. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. मालकी ही कायद्याची बाब आहे आणि ती कोणत्याही थरातून आपोआप निघत नाही. हे मी त्या मुलाला सांगायला हवे होते. आठवीच्या मुलाला ते कळले असते.

पुस्तकाची इंग्रजी अवघड आणि मध्येच टोचणारी आहे. कोसंबींना मूर्खपणा सहन होत नसे आणि ते तो लपवतही नसत. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी गीतेवरच्या पहिल्या निबंधापासून सुरुवात करू नये. तिसरा आणि चौथा वाचावा, शेजारी तालुक्याचा नकाशा ठेवावा, आणि लेखक ज्या ज्या जागेचे नाव घेतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. खुणा झाल्या की मग मुलांना घेऊन, खुणा नसलेल्या जागांकडे निघावे.