भावनेचे वय आणि भाषेचे वय

वयपरत्वे भावना पालटतात, हे मानसशास्त्राचे विधान होय. त्या पालटाची नोंद भाषा कशी करते, हा समीक्षेचा प्रश्न आहे. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' (१९९४) मधील लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहतो. त्याची व्याकुळता 'मॅड' या एका शब्दात आणि अवाढव्य आकड्यांत व्यक्त होते. तिला परिमाण आहे, नाव नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' (२००४) मधील नववीतला मुकुंद प्रिय मुलीचा उल्लेख 'शिरोडकर' असा आडनावानेच करतो. येथे भावनेला नाव सापडले आहे. परंतु ते झाकणे हीच तिची अभिव्यक्ती ठरते. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पंचविशीचा पांडुरंग 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' या शब्दांनी स्वतःच्याच अनुभवाचे मोल उतरवितो. मात्र धाकट्या मनीच्या मृत्यूपुढे हे कवच टिकत नाही. प्रौढपणी भावना आटत नाही, तिच्यावर पहारा बसतो, असे यावरून म्हणता येते.

तथापि हा क्रम सार्वत्रिक मानणे धाडसाचे होईल. या तिघांनाही शाळेची वाट मोकळी होती. मुरबाड-शहापूरकडील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही सोबत जातात. तेथे बाल्य आणि कष्ट यांमधील पौगंडावस्था फार आखूड होते. त्या मनाचे 'वगैरे' कोणते, हे मराठी कादंबरीने अद्याप पुरेसे ऐकलेले नाही. आणि ते ऐकल्यावाचून भावावस्थांचा कोणताही सिद्धान्त अपुराच राहणार.