खेळांचीं उपसाधनें : अलंकार कीं औषध ?

अलंकार योग्य स्थानीं असला तरच तो अलंकार, एरव्हीं तो हास्यास कारण होतो, असें क्षेमेंद्रानें औचित्यविचारांत सांगितलें आहे. हीच कसोटी व्हिडिओ-खेळांच्या उपसाधनांस लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. एका बाजूस टी.व्ही.ला जोडावयाचीं जुनीं खेळयंत्रें, दुसऱ्या बाजूस डोळ्यांवर चढवावयाचे व्हीआर हेडसेट; आणि दोहोंभोंवतीं जमलेला उपसाधनांचा बाजार. पालकांनीं पैसा कशावर खर्चावा, हा प्रश्न लहान नाहीं.

निन्टेंडोच्या एन.ई.एस. या यंत्राबरोबर १९८५ सालीं अमेरिकेंत आलेली झॅपर ही बंदूक घ्या. तिच्यांतून कांहींच सुटत नसे. उलट तीच पडद्यावरील उजेड टिपीत असे. चाप ओढतांच पडदा क्षणमात्र काळा होई, लक्ष्याच्या जागीं पांढरा चौकोन उमटे, आणि तो उजेड नळींत शिरला कीं नेम लागला, असें यंत्र समजे. हातास केवळ आकार मिळे. उरलेलें काम खेळणाऱ्याची कल्पना करी. मात्र ही युक्ति पिक्चर ट्यूबच्या टी.व्ही.वरच चाले, आजच्या चपट्या पडद्यांपुढें ती मूळ बंदूक मुकी होते. शिवाय जुनें तें सारें सोनें नव्हे. त्याच यंत्रासाठीं १९८९ सालीं आलेला पॉवर ग्लोव्ह हा हातमोजा दिसावयास भव्य, खेळावयास बोजड. खास त्याच्याकरितां रचलेले खेळ दोनच निघाले. कमरपट्टा गळ्यांत घालावा, तसा तो प्रकार.

आतां हेडसेट. मेटाच्या क्वेस्ट ३ चें वजन सुमारें ५१५ ग्रॅम, आणि त्याचा बहुतेक भार चेहऱ्यावर. म्हणून तोल साधण्यास मागें बॅटरी असलेला पट्टा, चष्मेवाल्यांस नंबराचीं भिंगें, घामासाठीं सिलिकॉनचें आवरण. हीं सर्व उपयुक्त खरीं. परंतु यंत्रानें शरीरास दिलेल्या त्रासावरचीं तीं औषधें होत. अपवादही आहेत. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरसाठीं २०१७ सालीं निघालेली एइम कंट्रोलर ही बंदूक हातांत जशी हालते, तशीच डोळ्यांपुढें हालते. हात व दृष्टि यांचें असें ऐक्य झॅपरला साधलें नव्हतें.

गुनपेई योकोई या एकाच कल्पकाच्या दोन कृति येथें बोधप्रद आहेत. १९८२ सालीं त्यानें अंगठ्याखालचा क्रूसाकार खटका योजिला. तो आजही बहुतेक खेळयंत्रांवर दिसतो. १९९५ सालचा त्याचा व्हर्च्युअल बॉय, ज्यांत मान वांकवून तांबडींच चित्रें पाहावीं लागत, वर्षभरांतच गुंडाळला गेला. पहिल्यानें हातास मोकळीक दिली, दुसऱ्यानें देहास जखडलें.

आमच्या मतें जुन्या यंत्राचें सर्वांत श्रेष्ठ उपसाधन बंदूक नव्हे, तर दुसरा कंट्रोलर. त्यानें भावाशेजारीं बहीण खेळावयास बसते. हेडसेटमधील दृश्य टी.व्ही.वर दाखवितां येतें, हें खरें. परंतु तेवढ्यानें घरचीं माणसें प्रेक्षक होतात, सोबती होत नाहींत. औषध गरजेपुरतें घ्यावें; पैसा मात्र खेळांत दुसरा हात आणणाऱ्या साधनावर आधीं खर्चावा, असा आमचा अभिप्राय आहे.