संदर्भ कुणाचा?

माझा एक जुना विद्यार्थी मराठी विकिपीडियासाठी नोंदी लिहितो. या कामाला मोबदला नाही. दिवसा नोकरी आणि रात्री लेखन, असा त्याचा क्रम आहे. परवा घरी येऊन त्याने तीन नोंदी पुढे ठेवल्या. म्हणाला, "सर, कौतुक नको. चुका सांगा." अशी मागणी आपल्याकडे दुर्मीळ होत चालली आहे. आपण एकमेकांची पाठ थोपटतो आणि टीकेला आकस म्हणतो. म्हणून त्याला दिलेला अभिप्राय इथे जाहीरपणे मांडतो.

पहिली नोंद दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनावर आहे. तीत 'महान', 'युगप्रवर्तक' ही विशेषणे ओळीओळीला आहेत. पण बलुतं म्हणजे काय, हे कुठेच नाही. गावकीच्या कामापोटी पदरात पडणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुतं. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला नावातली वेदना कशी कळणार? ज्ञानकोशाचा वाचक आपल्या सभेतला श्रोता नव्हे. त्याला जयघोष नको, माहिती हवी.

दुसरी नोंद आंबेडकरी जलशांची. आधार काय, तर एका स्मरणिकेतला लेख. भीमराव कर्डक स्वतः जलसाकार. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे त्यांचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते त्याने पाहिलेलेच नाही. आपल्या माणसाने लिहून ठेवलेलेही आपण वाचणार नसू, तर प्रस्थापितांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

तिसरी नोंद त्याच्या गावातल्या एका जलसाकाराची. तीच सर्वांत जिवंत आहे आणि तीच टिकणार नाही. कारण तिचा आधार एकच : आजीची आठवण. विकिपीडियाला प्रकाशित, पडताळता येणारा संदर्भ लागतो. तो चिडून म्हणाला, "आपली माणसं छापणार कोण होतं?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या हाती अक्षरच पडू दिले नाही, त्यांच्याकडे छापील पुरावा मागणे म्हणजे जुन्या अन्यायावर नवी मोहोर उमटवणे होय.

तरीही हा नियम मोडा, असे मी म्हणणार नाही. बाबासाहेबांविषयी उद्या कोणी खोटे लिहिले, तर 'पुरावा दाखव' असे आपण याच नियमाच्या बळावर म्हणणार आहोत. वाट दुसरी आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ आला. तोवर जी केवळ आठवण होती, तिचा संदर्भ झाला. पुरावा नसेल तर तो असा उभा करावा लागतो.

तेव्हा नोंद बाजूला ठेव. आजीचे बोलणे तिच्याच बोलीत उतरवून घे. गाणी, गावे, माणसांची नावे लिही. दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून पाहा आणि एखाद्या नियतकालिकात छापून आण. मग ज्ञानकोशातली नोंद दुसऱ्या कुणी लिहिली तरी चालेल.

हे सांगताना मी संकोचलो. आमच्या घरात पहिली पदवी माझी. वडील रात्ररात्र जलशातली गाणी म्हणत. मी परक्यांच्या ग्रंथांवर टिपणे काढत राहिलो. त्यांचे एक कडवे लिहून घेतले नाही. ते गेले. हा दोष कोणत्याही ज्ञानकोशाचा नाही, माझा आहे.

त्याची आजी अजून आहे. त्याने या सुटीतच गावी जावे.