‘तुला शोभेल ते घाल’, पण बघणारा कोण?

मराठीत कपड्यांवर टीका भरपूर होते, समीक्षा फारशी होत नाही. टीका म्हणजे ‘हे काय घातलंय?’ ती घरोघरी चालते, तिला विषय पुरतो आणि टीकाकारही कमी पडत नाहीत. अंगावर जे आहे ते काय बोलतं, कुणाशी बोलतं आणि समोरचा त्याचा काय अर्थ लावतो, हे विचारायला लागलो की समीक्षा सुरू होते. आता हा प्रांत आपण रील्सवाल्यांकडे सोपवलाय. म्हणून मी गेले काही महिने स्टाइलवरची मराठी रील्स एखादा वाङ्मयप्रकार वाचावा तशी बघतेय.

हा प्रकार तसा काटेकोर आहे. सुरुवातीला अडचण येते: कपाट भरलंय, पण घालायला काही नाही. मग उपाय: दहा कपडे, तीस लूक. शेवटी चेहरा कॅमेऱ्याजवळ आणून सांगितलं जातं की आत्मविश्वास हाच तुमचा खरा दागिना आहे. हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. यातला व्यवहाराचा भाग मला मनापासून पटतो. खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे. पुढच्या वर्षी बारीक होऊ या आशेवर आज कपडा घेऊ नये. स्वस्त शर्टाला नीट इस्त्री केली तर तो महागड्या चुरगळलेल्या शर्टापेक्षा बरा दिसतो. हे सगळं खरंय आणि आमच्या बोरी अरबमध्येही तितकंच खरंय. माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे.

बोरी अरब म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका. इथल्या बहुतेक मुलींना ‘स्वतःचं कपाट’ नसतं. घरात एक लोखंडी कपाट असतं. त्यात आईच्या साड्या, बाबांची कागदपत्रं, कुणाच्या तरी लग्नात आलेले न शिवलेले ब्लाउजपीस आणि एका कप्प्यात आपण. उरलेलं दांडीवर किंवा दारामागच्या खुंटीला. कपड्यांची वर्गवारी मात्र पक्की असते. लग्नाचा, बाहेर जायचा, घरचा आणि शेतातला. ‘बाहेर जायचा’ दोन वर्षांनी घरचा होतो, आणखी दोन वर्षांनी शेतात जातो आणि शेवटी फरशी पुसतो. डोना करन या अमेरिकन डिझायनरने १९८५ मध्ये मोजक्या सात कपड्यांत सगळं भागवायची कल्पना मांडली आणि जगात तिचं नाव झालं. आमच्याकडे सातांतले तीन ताईचे असतात, एवढाच काय तो फरक.

गावाच्या चारी बाजूंना कापूस. एकेकाळी मुर्तिजापूर–यवतमाळ ही शकुंतला रेल्वे टाकली गेली तीच मुळी या भागातला कापूस बाहेर न्यायला. आणि आठवडी बाजारात दोरीवर टांगलेल्या कुर्त्यांत सुती शोधावी लागते. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना आम्ही पॉलिस्टर घालून कपाशीच्या गप्पा मारतो. स्टाइलच्या सल्ल्यात ‘चांगलं कापड निवडा’ असं सहज म्हटलं जातं. निवडायला कापड दुकानात असावं लागतं, हे सांगायचं राहून जातं.

पण खरा पेच कापडाचा नाही. सकाळी बसस्टॉपवर कॉलेजला जायला उभं राहा. नवी जीन्स घातलेल्या पोराला पानठेल्यावरून आवाज येतोच, “काऊन बे, आज पाहुणे पाहाले चालला का?” मुलगी असेल तर तोंडावर कुणी बोलत नाही. ते संध्याकाळी आईकडे येतं, “पोरगी लय शहरातली झाली तुमची.” कपडा तोच, मुलगी तीच. यवतमाळला उतरून कॉलेजच्या गेटात शिरली की कुणी वळूनही बघत नाही. मग तिचा आत्मविश्वास बसच्या प्रवासात वाढला असं म्हणायचं का? की बघणारे बदलले असं म्हणायचं?

या रील्समध्ये अधूनमधून एका संशोधनाचा हवाला देतात. २०१२ मध्ये हायो ॲडम आणि ॲडम गालिन्स्की या दोघांनी काही लोकांना पांढरा कोट घालायला दिला आणि लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. डॉक्टरचा कोट आहे असं सांगितलेल्यांनी बरी कामगिरी केली. तोच कोट चित्रकाराचा आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांना तसा फायदा झाला नाही. यावरून ‘चांगले कपडे घाला, डोकं चालेल’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. नंतर हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसाच निकाल मिळाला नाही, ते सांगत नाहीत. आणि मूळ निकाल धरला तरी त्यातली रोचक गोष्ट वेगळीच आहे. कोट एकच होता. फरक होता तो नावाचा. डॉक्टरला मान आहे, हे प्रयोगाच्या खोलीत शिरण्याआधीच सगळ्यांना ठाऊक होतं. ते बळ कापडाचं नव्हतं, समाजात आधीपासून साठलेलं होतं.

आणि समाजात साठलेलं असतं ते नेहमी बळच असतं असं नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये लुगड्याच्या काठाची गोष्ट आहे. महार बायकांनी काठ दिसेल असं लुगडं नेसायचं नाही, काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसलं तर तो गुन्हा. हे वाचल्यापासून ‘स्टाइल म्हणजे स्वतःची अभिव्यक्ती’ हे वाक्य मला सरळ वाचता येत नाही. दोन बोटं रुंदीचा काठ. तो दिसू द्यायचा की नाही, हे नेसणारीच्या हातात नव्हतं.

म्हणूनच मराठीत कपड्यांविषयी दिला गेलेला सर्वांत मोठा सल्ला मला विचाराल तर तो डिसेंबर १९२७ मधला, महाडचा. सत्याग्रह परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या बायकांशी डॉ. आंबेडकर बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमची लुगडं नेसायची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती खूण पुसून टाका. लुगडं पायघोळ नेसा, स्वच्छ राहा. लुगडं उंची असावं अशी त्यांची अट नव्हती. ज्यांनी ऐकलं त्यांतल्या अनेकींनी तिथेच नेसण बदलली.

आजच्या भाषेत हा ‘मेकओव्हर’च झाला. मग रील्समधल्या मेकओव्हरपेक्षा तो वेगळा कशात? एक म्हणजे, बघणारा वाईट नजरेने बघतो हे त्यात आधीच गृहीत धरलंय. ‘लोकांकडे दुर्लक्ष करा’ असं आंबेडकर सांगत नाहीत. लोक कपडा वाचतात, तर मग आपण तो वेगळा लिहू, असं सांगतात. दुसरं, तो एकटीला दिलेला सल्ला नाही. एकीने काठ दाखवला तर तिला मार बसेल. शेकडो जणींनी एका दिवशी दाखवला तर मारणाऱ्याला विचार करावा लागतो. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेसाठी लोक पांढऱ्या कपड्यांत आले. आमच्या विदर्भातल्या कितीतरी घरांत आजीची ती पांढरी साडी हा अजूनही बोलण्याचा विषय असतो. ती साडी आजीला शोभत होती का, हे कुणी विचारत नाही. प्रश्नच चुकीचा ठरतो.

सिनेमात ही गोष्ट सगळ्यांत नीट नागराज मंजुळेंनी ‘फॅंड्री’मध्ये सांगितली आहे. कैकाडी कुटुंबातला जब्या वर्गातल्या शालूच्या प्रेमात पडलाय आणि त्याला जीन्स हवी आहे. बस्स, एवढंच. त्यासाठी तो आइसकांड्या विकायला तालुक्याला जातो आणि सायकल ट्रकखाली जाते. कुठल्याही दुसऱ्या दिग्दर्शकाने इथे दोनपैकी एक चूक केली असती. एक तर जीन्सची हाव म्हणून थट्टा, नाहीतर जीन्स मिळाल्यावर स्लो मोशनमध्ये कायापालट. मंजुळे दोन्ही टाळतात. जब्याची इच्छा ते पूर्ण गांभीर्याने घेतात, कारण त्या वयात ती तितकीच गंभीर असते. पण जब्याने कितीही चांगलं घातलं तरी गावाला तो डुक्कर पकडणाऱ्याचा पोरगाच दिसणार, हेही ते विसरू देत नाहीत. शेवटी सगळ्या शाळेदेखत त्याला डुकरामागे धावावं लागतं. शालू बघत असते. त्या क्षणी जब्याच्या अंगावर काय आहे, ते मला सिनेमा बघताना दिसलंच नाही. मला फक्त बघणारे दिसले, हसणारे दिसले. आणि मग तो दगड आला, तो थेट बघणाऱ्यांकडे. म्हणजे माझ्याकडेही.

याच मंजुळेंच्या ‘सैराट’मधल्या आर्चीची बुलेट आणि तिचा तोरा २०१६ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रातल्या मुलींनी उचलला. गाणी लागली की आमच्याकडच्या वरातीतही मुली पुढे यायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते चांगलंच झालं. पण आर्चीचा आत्मविश्वास तिच्या कपड्यांतून येत नाही. तो पाटलाच्या वाड्यातून येतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचल्यावर तीच मुलगी बावरते, गप्प होते. पुढे ती कामाला लागते, कमावते आणि हळूहळू पुन्हा उभी राहते, पण हे उभं राहणं वेगळं असतं. ‘आर्ची लूक’ विकणाऱ्यांनी सिनेमाचा दुसरा अर्धा भाग बघितला नसावा.

‘इंग्लिश विंग्लिश’चं मला कौतुक आहे, थोडं हात राखून. शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते, इंग्रजी शिकते, पण साडी सोडत नाही. थंडी वाजली की साडीवर लांब कोट चढवते. कायापालटाच्या सिनेमात बाईचे कपडे न बदलणं ही २०१२ मध्ये धाडसाचीच गोष्ट होती. पण शशीच्या साड्या इतक्या नीट, इतक्या सुंदर पडतात की तिच्याकडे बघून कुणी नाक मुरडेल हे खरंच वाटत नाही. तिला फक्त भाषेची अडचण आहे. कपड्याने ती आधीच पास आहे. फरशी पुसायला निघालेल्या कुर्तीत शशी असती तर सिनेमा अवघड झाला असता, आणि कदाचित जास्त खरा.

या सगळ्यात एक माणूस मात्र कुठल्याच चौकटीत बसत नाही. अमरावतीकडचे गाडगेबाबा. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. बघणाऱ्याने हाकललं तरी चालेल अशा बेताने घातलेले कपडे. आंबेडकरांचा सूट आणि बाबांच्या चिंध्या यांत दोघांचीही निवड होती. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्या चिंध्यांना निवड म्हणता येत नाही. आमच्याकडच्या पोरापोरींच्या पदवीवर बाबांचंच नाव असतं, कारण विद्यापीठ त्यांच्या नावाचं. आणि ती घेताना अंगावर काळा गाऊन.

बरं, मग आज सकाळी काय घालायचं? हा प्रश्न उरतोच आणि तो क्षुल्लक नाही. इथल्या मुली तो कसा सोडवतात ते बघण्यासारखं आहे. रोजच्या प्रवासात चेहऱ्यावर स्कार्फ असतो, फक्त डोळे दिसतात. उन्हासाठी, असं सगळ्या सांगतात. ते खरंही आहे. पण स्कार्फ बांधलेली मुलगी कोण आहे हे पानठेल्याला कळत नाही, हा त्याचा दुसरा उपयोग. वर स्कार्फ, आत तिला हवा तो टॉप. बस गावाच्या पुढे गेली की गाठ सैल होते. ही तडजोड आहे, पण डोकं लावून केलेली. ‘बिनधास्त राहा’ म्हणणाऱ्या रीलपेक्षा तिच्यात परिस्थितीचं भान जास्त आहे.

दुसरी जागा म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकूंचं घर. माझ्या मते आमच्या गावातली सगळी फॅशन तिथे ठरते. मुलगी मोबाइलवर फोटो दाखवते. आई म्हणते, “बाही कोपरापर्यंत ठेवजा.” मुलगी म्हणते, “आई, थ्री फोर्थ काकूबाई दिसते.” काकू टेप गळ्यात टाकून दोघींकडे बघतात आणि बोटाने दंडावर एक जागा दाखवतात, “इथं ठेवू?” ती जागा आईच्या आणि मुलीच्या बरोबर मधली असते. पुढच्या वर्षी ती अर्धा इंच वर सरकते. आईच्या लक्षात येतं, ती बोलत नाही.

अलीकडे त्या घरात एक नवी मागणी ऐकू येते. बाजारातल्या तयार कुर्तीला खिसा नसतो आणि फोन हातात धरून गर्दीच्या बसमध्ये चढता येत नाही. एक हात दांड्याला लागतो, दुसरा कोण कुठून धक्का देतंय ते थोपवायला. त्यामुळे मुली तयार कुर्ती घेऊन काकूंकडे जातात, बाजूची शिवण उसवून खिसा लावून घेतात. दीड वीत खोल, फोन अख्खा आत गेला पाहिजे. काकू आता न विचारताच एकच प्रश्न करतात, “डावीकडं का उजवीकडं?” परवा एक पोरगी म्हणाली, “दोन्हीकडं.”